दोन कुलपांचं कपाट

१

दोन्ही कुलपं शाबूत होती आणि कपाट रिकामं होतं.

हिंदी मुलखातल्या पिपलानीच्या, मराठी माणसांच्या स्नेहवर्धन मंडळाच्या सभागृहात त्या रविवारी सकाळी जमलेली माणसं रिकाम्या फळ्यांकडे बघत उभी राहिली. फळ्यांवर अंथरलेली वर्तमानपत्रं तेवढी जागेवर होती. मे महिना होता. पंखा गरम वारा ढवळत होता.

कपाटाची हकिकत अशी. साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळात ठेकेदारामार्फत झाडलोट करणाऱ्या, रुग्णांची उस्तवार करणाऱ्या बायकांसाठी मंडळात साक्षरतेचा वर्ग चालत असे. जागा आणि कपाट मंडळाचं, पुस्तकं आनंद नगरच्या आलोक पुस्तकालयाची. मोठ्या टायपातल्या, चित्रांच्या हिंदी गोष्टी. नव्यानं वाचायला लागलेल्या माणसांसाठी मुद्दाम जमवलेल्या. पण मंडळाला धास्ती, की उद्या पुस्तकं कमी भरली तर आळ आपल्यावर येईल. आणि पुस्तकालयाला शंका, की मंडळवाले पुस्तकं आपलीच समजून ठेवून घेतील. म्हणून कपाटाला दोन कड्या बसवून दोन कुलपं घातली. एकाची किल्ली मंडळाचे सचिव जितेंद्र यांच्याकडे, दुसऱ्याची पुस्तकालयाच्या दुबेजींकडे. दोघं हजर असतील तरच कपाट उघडायचं. उद्घाटनाला हारतुरे झाले, भाषणं झाली, फोटो निघाले.

त्या रविवारी पुस्तकांची वर्षाची मोजणी होती. जितेंद्रचं कुलूप एका फटक्यात उघडलं. दुबेजींचं मात्र किल्लीला दाद देईना. शेवटी चहाच्या खोलीतून खोबरेल आणून ओतलं, तेव्हा कुठे ते कण्हत उघडलं. मग दार अलगद उघडलं, आणि आत काहीच नव्हतं.

जितेंद्रनं कपाळावरचा घाम पुसला. तो इथल्या मोठ्या कारखान्यात जनरल शिफ्टला, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारा, सचिवपद नको असताना गळ्यात पडलेला माणूस. सभागृहाच्या दाराची एक किल्ली वर्गातल्या कमलकडे असते, एवढंच तो आधी बोलला. संशय कोणावर, ते सगळ्यांना कळलं. मग त्यानं बजावलं: पुढच्या रविवारपर्यंत पुस्तकं आली नाहीत तर वर्ग बंद, आणि सगळ्या बायकांची नावं त्यांच्या ठेकेदाराला कळवणार. चोरीचा संशय आलेल्या बाईला ठेकेदार दुसऱ्या दिवशी दारात उभं करत नाही, हे कोणाला सांगायची गरज नव्हती.

"तोवर तुम्ही जरा बघा, काका," जितेंद्र कोपऱ्यात उभ्या असलेल्या काशिनाथरावांकडे वळून म्हणाला. "मंडळातल्या सगळ्या रहस्यकथा तुम्हीच तर वाचल्या आहेत."

काशिनाथराव कानकोंडे झाले. वाचल्या होत्या, हे खरंच. पण आजवर त्यांतल्या एकाही कथेतला गुन्हेगार त्यांना ओळखता आला नव्हता.

२

"शेवटचं पान आधी वाचता, तरी तुमचा अंदाज चुकतो," घरी काशिनाथरावांच्या पत्नी शशिकलाबाई म्हणाल्या. "आणि निघाले चोर पकडायला."

काशिनाथरावांनी मान हलवली. नोकरीभर त्यांनी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांचे नकाशे सांभाळले. कुठला नकाशा कुठल्या खणात, ते त्यांना झोपेतही सांगता येई. पण माणसांशी बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. निवृत्तीनंतर ती आणखीच चिकटली होती. या वयात लोकांना प्रश्न विचारत हिंडायचं, या कल्पनेनंच त्यांना थकवा आला.

शशिकलाबाई त्यांचा पांढरा सदरा धुवायला घेऊन मोरीत गेल्या आणि तशाच परत आल्या. बाहीवर काळाकुट्ट डाग होता. हे ग्रीस कुठून लागलं, खोबरेलाचा असता तर निघाला तरी असता, असं त्या पुटपुटल्या. काशिनाथरावांना आठवेना. कपाटाच्या कडेला टेकून उभे होते, एवढं खरं. कुलपाला तर त्यांनी हातही लावला नव्हता.

संध्याकाळी ते प्रमिलाताईंकडे गेले. शाळेतून निवृत्त झालेल्या प्रमिलाताई वर्ग चालवत. त्यांचा आवाज बसलेला होता, आणि त्या बऱ्याच दिवसांचं साठलेलं बोलल्या. पहिले काही आठवडे दुबेजी यायचे, जितेंद्रही यायचा, कपाट उघडायचं. मग दुबेजींकडचा मदतनीस सोडून गेला आणि त्यांना पुस्तकालय एकट्यावर टाकून येता येईना. ते आले तर जितेंद्रला ओव्हरटाइम. कपाट समोर, आणि प्रमिलाताईंनी फळ्यावर क, ख, ग काढायचं. पुस्तकं दिसायचीसुद्धा नाहीत.

"किती दिवस फळ्यावर भागवणार हो?" त्या म्हणाल्या. "माझं जाऊ द्या, पण त्या बायका दिवसभर राबून येतात."

काशिनाथरावांनी भीत भीत विचारलं, की मग बायकांची प्रगती खुंटली असेल. प्रमिलाताई पदराशी चाळा करत म्हणाल्या, तसं नाही. मध्यंतरी कमलनंच विचारलं, बाई, 'केवट' म्हणजे नावाडीच ना? दुसरीनं 'मगरमच्छ' लिहून दाखवला, जोडाक्षरासकट.

"तुम्ही शिकवला होता?"

"मी अजून जोडाक्षरांना हातच घातलेला नाही," प्रमिलाताई म्हणाल्या, आणि चहाचे कप उचलून आत गेल्या त्या लवकर बाहेर आल्या नाहीत.

३

कमल मराठी सीमेलगतच्या सौंसरकडची. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि इस्पितळात दोन्हींची खिचडी. तिची कामाची पाळी संपायच्या वेळेला काशिनाथराव साकेत नगरला गेले आणि फाटकासमोरच्या चहाच्या टपरीशी उभे राहिले. काय बोलायचं ते बसमध्ये घोकून ठेवलं होतं. ती समोर आल्यावर सगळं विसरले.

तीच बोलली. वॉर्डातल्या सिस्टरनं सांगून ठेवलं होतं, की औषधाच्या बाटलीवरचं नाव आणि खाटेवरचा नंबर वाचता आला, तर ठेकेदाराकडून काढून वॉर्डाच्या कायम कामासाठी तिचं नाव पुढे करू. परीक्षा पावसाळ्यात. ती आतापर्यंत कोणत्या वॉर्डात कोणत्या रंगाचा पडदा आहे, यावर काम भागवत आली होती. मागच्या दिवाळीत पडदे बदलले तेव्हा चुकीच्या खाटेपाशी जेवण ठेवून बोलणी खाल्ली होती.

"आता तर पाटी वाचते मी, काका. फाटकापासून."

मग तिनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, "बाकीच्यांची नावं देऊ नका. माझं एकटीचं द्या. मी नेली म्हणून लिहून टाका."

"तू नेलीस का?"

"लिहून टाका म्हणते ना."

काशिनाथरावांना आयुष्यात प्रथमच समोरचं माणूस खोटं बोलतंय हे स्पष्ट दिसलं. त्यांनी कुठं ठेवलीस म्हणून विचारलं, तर ती नुसती बघत राहिली. कशी काढलीस, तर तेही नाही. कबुली देणाऱ्या चोराला चोरीची रीतच ठाऊक नव्हती.

चहा संपला. ती निघाली, चार पावलं गेली आणि परत आली. चोरीबद्दल, वर्गाबद्दल, नोकरीबद्दल तिनं काही विचारलं नाही. विचारलं ते भलतंच.

"वसंतकाकांच्या हाताचं प्लास्टर रविवारच्या आधी निघंल का हो?"

४

वसंतराव कुकडे म्हणजे काशिनाथरावांचा नोकरीतला सोबती. कारखान्यातला नामी फिटर. मंडळातला नळ गळला, पंखा अडला, कॅरमच्या स्टँडचा पाय निखळला, की वसंत. वर्गाच्या दिवशी तर तो सगळ्यांच्या आधी येऊन काही ना काही ठोकत बसलेला असायचा. मोजणीच्या थोडे दिवस आधी आनंद नगरच्या वळणावर स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून तो घरातच होता. पत्नी गेल्यापासून एकटाच राहत होता. मोजणीनंतर संशयाचं बोलणं निघालं तेव्हा जितेंद्र वसंताचं नाव घेऊन वर हसलाही होता, की ज्याला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नाही तो कपाट काय फोडणार.

काशिनाथराव गेले तेव्हा वसंतराव दिवाणाच्या बरोब्बर मध्यभागी मांडी ठोकून बसले होते.

"ये. त्या खुर्चीवर बस."

खुर्चीवर दोन जाड रजया आणि एक दुलई रचलेली होती. काशिनाथरावांनी तो ढीग उचलून टेबलावर ठेवला, तिथंही एक गोधडी होतीच. बाहेर अंगाची लाही होत होती, कूलर घरघरत होता, आणि खोलीत थंडीचं सगळं अंथरूण पांघरूण मांडलेलं.

ते प्लास्टरबद्दल बोलले, दुखण्याबद्दल बोलले. वर्गातल्या बायका अधूनमधून डबा घेऊन येतात, फार माया करतात, असं वसंतराव म्हणाले. कपाटाचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांनी कूलरकडे तोंड फिरवलं. मिळतील रे पुस्तकं, म्हणाले. हात मोकळा झाला की मीही शोधायला येतो.

बायकांची नावं ठेकेदाराकडे जाणार आहेत, हे काशिनाथरावांच्या ओठावर आलं होतं. पण आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून ते गप्प बसले. नेहमीप्रमाणे.

परतीच्या वाटेवर ते मंडळात डोकावले. सभागृह रिकामं होतं. त्यांनी कपाटाचं दार धरून हळूच ओढलं, मग पुन्हा लोटलं, पुन्हा ओढलं. हे कपाट कारखान्याच्या भंगारातून आणलेलं. उद्घाटनाच्या दिवशी ते इतकं करकरलं होतं, की पाहुण्यांना भाषण थांबवावं लागलं आणि सगळे हसले होते.

आता ते जराही करकरलं नाही.

काशिनाथरावांनी बिजागरीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते तिथंच कॅरमच्या स्टुलावर टेकले.

५

इतके दिवस सगळे एकच विचारत होते, कपाट रिकामं कोणी केलं? काशिनाथरावांनाही दुसरं सुचलं नव्हतं. प्रश्नच उलटा धरला होता. कपाट पुन्हा भरायचं राहिलं ते कोणाकडून, असं विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वसंतरावांच्या दारात उभे राहिले. खुर्चीकडे गेले नाहीत.

"वसंता, जरा उठ."

"का रे?"

"उन्हाळ्यात रजया दिवाणाच्या पोटात असतात. तुझ्या बाहेर का आहेत?"

वसंतराव हलले नाहीत. मग डाव्या हातानं त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, आणि ते एकाएकी फार म्हातारे दिसले. उठून बाजूला झाले. काशिनाथरावांनी फळी उचलली. आत पुस्तकं होती, नीट ओळीनं लावलेली.

वसंतराव सांगू लागले, ते थकलेल्या माणसानं ओझं खाली ठेवावं तसं. बायका कपाटाकडे बघत बसायच्या ते त्यांना बघवलं नाही. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला, तीन पिना, वर ठोकल्या की दार अख्खं सुटतं. कुलपं आपली जागच्या जागी. वर्गाच्या आधी येऊन काढायची, पुस्तकं वाटायची, आधीची घेऊन ठेवायची, दार बसवायचं. सगळी पुस्तकं बायकांच्या घरी होती तेव्हाच मनगट मोडलं. दार एका हातानं उचलून धरायचं आणि दुसऱ्यानं पिन मारायची, हे एका हाताचं काम नव्हे. बायकांनी मग पुस्तकं इथं आणली. ज्याच्या हातून घेतली त्याच्याच हातात परत. एकेक, डब्याच्या पिशवीतून.

"हात सुटला असता तर गुपचूप भरून टाकलं असतं. सांगितलं तर बिजागऱ्यांना वेल्डिंग करतील रे, आणि पुस्तकं आत ती आतच."

"आणि बायकांची नावं रविवारी ठेकेदाराकडे जाणार, त्याचं काय?"

वसंतरावांनी मान वर केली. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. कमल परवाच डबा देऊन गेली होती. सगळं ठीक आहे, काका, म्हणाली होती.

६

रविवारी सभागृह भरलं. बायका मागच्या भिंतीशी उभ्या होत्या, कमल सगळ्यांच्या पुढे. काशिनाथराव उठले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्या ओळीपर्यंतही पोचला नाही. जितेंद्रनं मोठ्यानं बोला म्हटलं. ते आणखीच गांगरले. शेवटी बोलण्याचा नाद सोडून त्यांनी दुबेजींना आणि जितेंद्रला आपापलं कुलूप रिकाम्या कपाटाला लावायला सांगितलं. कुलपं लागली.

मग त्यांनी खिशातून खिळा आणि हातोडी काढली. वसंतराव शेजारी येऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात सांगत गेले. खालून मार. हळू. आता मधली. काशिनाथरावांनी एकदा स्वतःच्या अंगठ्यावरच मारलं. तिसरी पिन निघाली, तसं दार बिजागरीच्या बाजूनं सुटून पुढं आलं. दोन्ही कुलपं लागलेलीच होती.

"म्हणजे चोर वसंतकाका," जितेंद्र सावकाश म्हणाला.

"चोरी झालेली नाही," काशिनाथराव म्हणाले. आता त्यांचा आवाज ऐकू आला, कारण बाकी कोणी श्वासही घेत नव्हतं. त्यांनी एकेक सांगितलं. दुबेजींच्या कुलपाला खोबरेल लागलं, म्हणजे ते कित्येक महिने उघडलंच नव्हतं. करकरणारं दार गप्प झालं, म्हणजे बिजागरीला कोणी तरी सारखं ग्रीस लावत होतं. न शिकवलेले शब्द बायकांना येत होते, म्हणजे पुस्तकं वाचली जात होती. सगळं चालू असताना एकाच गोष्टीत खंड पडला, पुस्तकं परत ठेवण्यात. आणि त्याच वेळी एकाच माणसाचा हात मोडला होता. "पुस्तकं नेली नव्हती, जितेंद्र. ती फिरत होती. पुस्तकालयात फिरतात तशीच. मंडळानं आणि पुस्तकालयानं मिळून जे करायचं ठरवलं होतं, तेच."

बायकांनी पिशव्या पुढं आणल्या. सकाळीच वसंतरावांकडून भरून आणलेल्या. पुस्तकं टेबलावर मांडली गेली. एकही कमी नव्हतं.

जितेंद्र म्हणालाच, की नियम तो नियम, उद्या खरंच हरवली तर जबाबदारी कोणाची. त्याचं चुकत होतं असंही नाही. सगळे दुबेजींकडे बघू लागले. दुबेजी कृश, घामेजलेले, दोन बस बदलून आलेले. त्यांनी एक पुस्तक उचललं, उघडलं. कोपऱ्यावर हळदीचं बोट होतं. एक पान फाटलं होतं आणि पातळ कागदाची पट्टी लावून खळीनं निगुतीनं चिकटवलं होतं.

"ये किसने चिपकाया?"

"मैंने, साब," कमल म्हणाली. "घर की लेई से. ख़राब हो गया क्या?"

दुबेजींनी पानावरून अंगठा फिरवला. "मेरे यहाँ भी ऐसी बहुत पड़ी हैं, फटी हुई," ते म्हणाले. "कोई चिपकाने वाला नहीं है." मग ते पुस्तक त्यांनी टेबलावर न ठेवता कमलच्या हातात दिलं.

जितेंद्रनं खिशातला नावांचा कागद चुरगाळला नाही, फाडलाही नाही. नुसता घडी घालून वसंतरावांना दिला, आणि रक्तदाबाची गोळी घ्यायला पाणी मागितलं.

राहिलं दार. दोन्ही कुलपं काढून ते मोकळं केलेलं होतं. काशिनाथरावांनीच ते परत बसवायला घेतलं, प्रमिलाताईंनी खालून धरलं. पिना गेल्या, पण दार तिरकं बसलं. कड्या एकमेकींशी जुळेनात. कुलूप एका कडीत जाई, दुसरीत जाईना. वसंतरावांनी वाकून पिनांकडे पाहिलं, मग काशिनाथरावांच्या तोंडाकडे. जितेंद्र म्हणाला, कोणाला तरी बोलावून नीट करून घेऊ.

"रहने दीजिए," दुबेजी म्हणाले. आपलं गंजलेलं कुलूप त्यांनी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं.

७

त्याच दुपारी काशिनाथराव घरी आडवे पडले होते. अंगठा ठणकत होता. पोटावर नवी रहस्यकथा उघडी होती आणि वाचण्याइतकं त्राण नव्हतं.

शशिकलाबाई दुसऱ्या सदऱ्याची बाही चोळत मोरीतून बाहेर आल्या. तोच काळा डाग.

"प्रमिलाताई भेटल्या वाटेत," त्या म्हणाल्या. "पिनांचा क्रम चुकला म्हणे तुमचा. वरची खाली, खालची वर."

"हं."

"नकाशे सांभाळण्यात जन्म गेला. कुठला भाग कुठं बसतो ते झोपेत सांगायचात. आणि तीन पिना लावता आल्या नाहीत?"

"वय झालं," काशिनाथराव म्हणाले आणि पुस्तक तोंडावर ओढून घेतलं.

बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"तुम्हाला गुन्हेगार ओळखता येत नाही," त्या म्हणाल्या. "मला येतो."